सेनापतीच्या नजरेतून लिहिलेली युद्धकादंबरी कशी वाचावी

गोव्यातल्या वाचक मंडळांत, मग ते फोंड्याचं असो, डिचोलीचं असो की मडगावचं, युद्धावरच्या ऐतिहासिक कादंबरीची चर्चा ठरावीक दोन वाक्यांवर येऊन अडते. एक, "भाऊने तसं करायलाच नको होतं." दुसरं, "राजांच्या मनात तेव्हाच हे होतं, पुस्तकात स्पष्ट लिहिलंय." पहिलं वाक्य बोलणाऱ्याला लढाईचा निकाल आधीपासून ठाऊक आहे आणि त्या निकालावरून तो सेनापतीला दोष देतो. दुसरं बोलणारा लेखकाने पात्रासाठी रचलेलं मनोगत पुरावा म्हणून पुढे करतो. दोघांनीही पुस्तक मनापासून वाचलेलं असतं, पण वाचायचा क्रम चुकलेला असतो.

हा कादंबरीप्रकार तुम्हाला निर्णय घेणाऱ्या माणसाच्या डोक्यात नेऊन बसवतो. तिथे बसल्यावर वाचकाने एकच प्रश्न धरून ठेवायचा: या घटकेला या माणसाला काय माहीत होतं? खालच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नासाठी आहेत. उदाहरणं मी मुद्दाम गोव्यातली आणि पानिपतची घेतली आहेत. गोव्यातली जागा आपल्याला जाऊन बघता येते आणि पानिपत बहुतेकांच्या वाचनात असतं.

पायरी १ : पुस्तक उघडण्याआधी

एक शंभर पानी वही, पेन्सिल आणि जमलं तर त्या प्रदेशाचा नद्या-डोंगर दाखवणारा नकाशा घ्या. रस्त्यांचा नकाशा इथे कामाचा नाही.

मग लेखकाचं मनोगत वाचा, ते पुस्तकाच्या शेवटी छापलेलं असलं तरी आधी वाचा. अनेकजण ते राखून ठेवतात, गोष्ट आधी कळू नये म्हणून. पानिपतात काय झालं हे तुम्हाला शाळेपासून माहीत आहे, त्यामुळे राखून ठेवण्यासारखं त्यात काही नाही. उलट कोणती पात्रं काल्पनिक आहेत, कोणती पत्रं खरी आहेत, कुठे दोन प्रसंग एकत्र केले आहेत, हे प्रामाणिक लेखक तिथेच सांगून टाकतो. हे आधी कळलं की पुढचं वाचन सरळ होतं. मनोगत नसेल किंवा त्यात फक्त आभार असतील, तर वहीच्या पहिल्या पानावर तशी नोंद करा. अशा पुस्तकातली प्रत्येक तारीख आणि प्रत्येक आकडा तुम्हाला स्वतः बघावा लागणार आहे.

मलपृष्ठावरचा मजकूर मात्र वाचू नका. तो पुस्तक विकण्यासाठी लिहिलेला असतो आणि नायक कोण, खलनायक कोण हे आधीच ठरवून देतो.

तिसरी तयारी मोजमापांची. घटका म्हणजे २४ मिनिटं, प्रहर म्हणजे तीन तास. कोस प्रदेशाप्रमाणे बदलतो, पण तीन किलोमीटर धरून चाललं तर फार चुकत नाही. ही तीन मापं वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लिहून ठेवा. "दोन घटकांत मदत येईल" असं एखादा सरदार म्हणतो, तेव्हा पाऊण तासाची गोष्ट चालली आहे हे तिथल्या तिथे कळायला हवं.

पायरी २ : नकाशा स्वतःच्या हाताने काढा

पुस्तकातला छापील नकाशा बघून पान उलटलं तर त्याचा उपयोग होत नाही. पहिली तीन-चार प्रकरणं वाचून झाली की वहीच्या दोन पानांवर ओबडधोबड नकाशा काढा. क्रम असा ठेवा: आधी पाणी, मग चढ-घाट, मग रसद येण्याच्या वाटा आणि सर्वांत शेवटी फौजा. फौजा आधी काढल्या की आपण बाण रंगवत बसतो आणि नदी राहून जाते. सेनापतीचे निम्मे निर्णय नदीमुळेच झालेले असतात.

अंतर किलोमीटरमध्ये लिहून थांबू नका, मुक्कामांत लिहा. तोफा, बैल, बाजार आणि बुणगे (न लढणारे लोक) घेऊन चालणारी फौज दिवसाला चार-पाच कोसांपलीकडे सहसा जात नसे. मार्च १७६० मध्ये पडतूरहून निघालेले सदाशिवरावभाऊ दिल्लीला पोचले ते ऑगस्टच्या सुरुवातीला, आणि त्या दिरंगाईत पावसाने फुगलेल्या नद्यांचा वाटा मोठा होता. हा वेग एकदा डोक्यात बसला की "भाऊ लवकर का निघाले नाहीत" यासारखे प्रश्न आपोआप जास्त नेमके होतात.

गोव्यावरची कादंबरी असेल तर आजचा गोवा पुसून टाकावा लागतो, आणि इथे आपणच जास्त चुकतो. ओळखीची जागा आहे म्हटल्यावर नकाशा काढायची गरज वाटत नाही. १६८३ मध्ये बाणस्तारीला पूल नव्हता, बोरीला नव्हता, आणि राजधानी पणजीत नव्हती. विजरईचं, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉयचं, शहर म्हणजे आज आपण ज्याला जुने गोवे म्हणतो ते. पणजीच्या आदिलशाही वाड्यात विजरई राहायला आले १७५९ मध्ये, आणि पणजी अधिकृत राजधानी झाली १८४३ मध्ये. संभाजीराजांच्या स्वारीवरच्या कादंबरीत विजरई पणजीच्या वाड्याच्या सज्जातून मांडवीकडे बघत असेल, तर लेखकाने जागा तपासलेली नाही. तिथे फुली मारा आणि पुढची स्थळवर्णनं जपून घ्या.

तपासा: पुस्तक बंद करून नकाशावर बोट ठेवून सांगता येतं का, की सेनापतीचं धान्य कुठून येतं आणि माघार घ्यायची झाली तर वाट कोणती? सांगता येत नसेल तर पुढे जाऊ नका.

पायरी ३ : पहिलं वाचन, माहितीची वही घेऊन

सगळ्यांत जास्त वेळ याच पायरीला द्या. बाकीच्या पायऱ्या घाईत उरकल्या तरी निभावतं, ही उरकली तर निभावत नाही.

वहीच्या प्रत्येक पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात "माहीत आहे", दुसऱ्यात "वाटतं आहे", तिसऱ्यात "माहीत नाही". ज्या सेनापतीच्या नजरेतून प्रकरण चाललं आहे त्याचं नाव आणि दिवस-वेळ वर लिहा. प्रकरण वाचून संपलं की रकाने भरा. वाचता वाचता भरू नका, त्याने गोष्टीची लय तुटते.

पहिल्या रकान्यात त्याने स्वतः पाहिलेलं किंवा खात्रीच्या माणसाने समक्ष सांगितलेलं एवढंच जातं. जासुदाने आणलेली खबर दुसऱ्या रकान्यात जाते आणि तिच्यापुढे दोन वेळा लिहायच्या: घटना घडली ती वेळ आणि खबर पोचली ती वेळ. या दोन वेळांमध्ये जे अंतर पडतं त्यात सेनापती आंधळा असतो. चांगला लेखक या अंतरात आपल्याला रेंगाळायला लावतो, आणि घाईने वाचणारा नेमका तिथूनच पुढे उडी मारतो.

ऑक्टोबर १७६० चं उदाहरण घ्या. कुंजपुरा जिंकून भाऊंची फौज दिल्लीच्या उत्तरेला आहे. महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे येतो आणि मराठे व दिल्ली यांच्या मधे बसतो. वाचकाला हे माहीत आहे, कारण अब्दालीचं प्रकरण त्याने आत्ताच वाचलं. पुढच्या प्रकरणात भाऊ तंबूत बसले आहेत. त्यांच्या पहिल्या रकान्यात नदी फुगलेली आहे, उतार मिळत नाही आणि शत्रू पैलतीरावर आहे, एवढंच. तुमच्या डोक्यातलं बागपत त्यांच्या रकान्यात शिरू देऊ नका. ती खबर त्यांच्यापर्यंत आली की मगच लिहा, आणि ती आल्यावर ते काय करतात ते बघा. त्यांच्या कुवतीचं माप तिथे मिळतं.

आता गोव्यातलं उदाहरण, कारण या एका रात्रीवर वहीचा सराव फार चांगला होतो.

नोव्हेंबर १६८३. विजरई कोंद द आल्व्होर स्वतः फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेला होता. आत येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी यांनी किल्ला लढवला, संभाजीराजे मदतीला येऊन पोचले आणि विजरईला मागे फिरावं लागलं. त्यानंतर २४ नोव्हेंबरच्या रात्री ओहोटीचा फायदा घेऊन मराठे विजरईच्या शहरासमोरच्या जुवे बेटावर उतरले आणि तिथला कोट घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी विजरई फौज घेऊन बेटावर आला, त्याचा पराभव झाला, तो जखमी झाला आणि कसाबसा निसटला.

या रात्रीची दोन पानं करा, एक राजांचं आणि एक विजरईचं.

राजांच्या पानावर पहिल्या रकान्यात पाणी येतं. सुकती, म्हणजे ओहोटी, कधी लागते, उतार कुठे मिळतो, हे स्थानिक माणसांकडून कळलेलं. ओहोटीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण भरती होते आणि रोज ही वेळ पाऊणएक तासाने पुढे सरकते, हे आपल्याकडच्या कुठल्याही रापणकाराला ठाऊक असतं. म्हणजे रात्री ज्या वाटेने माणसं पलीकडे गेली ती वाट पहाटेपर्यंत बुडणार. "माहीत नाही" या रकान्यात: शहरातून सकाळी किती माणूस येईल, विजरई स्वतः येईल का, आणि उत्तरेकडून येऊ घातलेली शाहआलमची मोगल फौज नेमकी कुठवर आली आहे. कादंबरीत या तिसऱ्या गोष्टीचा उल्लेख त्या रात्री नसेल, तर रकाना रिकामा ठेवा. जानेवारी १६८४ मध्ये ती फौज रामघाटाने खाली उतरली आणि राजांना गोव्यातून निघावं लागलं, हे ज्ञान तुमचं आहे. त्या रात्री ते कुणाकडेच नव्हतं.

विजरईच्या पानावर पहिला रकाना जवळजवळ कोरा राहतो. शहराच्या समोरच्या बेटावरचा कोट गेला, एवढंच त्याला कळलं आहे. किती मराठे आहेत? राजा स्वतः जवळ आहे का? हा खरा हल्ला की शहरातली फौज बाहेर काढण्याचा डाव? फोंड्याहून माघार घेतल्याला फार दिवस झालेले नाहीत, शहरातले लोक भेदरलेले आहेत. दोन्ही पानं शेजारी ठेवून बघितली की "विजरईने मूर्खपणा केला" हे वाक्य तोंडातून निघत नाही. तो थांबला असता तर काय गमावलं असतं, हाही हिशेब मांडावा लागतो.

सावधान: सैन्याचे आकडे पहिल्या रकान्यात घालायची घाई करू नका. शत्रूची फौज किती हे त्या काळी सेनापतीला अंदाजानेच कळे. कादंबरीतला सेनापती मनाशी शत्रूचा अचूक आकडा बोलत असेल, तर तो आकडा लेखकाने नंतरच्या ग्रंथातून उचलून त्याच्या तोंडी घातला आहे.

पायरी ४ : निर्णयाच्या उंबरठ्यावर पुस्तक बंद करा

प्रत्येक युद्धकादंबरीत अशी तीन-चार प्रकरणं असतात जिथे मसलत बसते. सरदार आपापलं मत मांडतात आणि प्रकरण संपायच्या आत सेनापती निर्णय देतो. मसलत संपून निर्णय यायच्या आधी थांबा. वहीतले तीन रकाने बघा आणि तुम्ही काय हुकूम द्याल ते दोन ओळींत लिहा. मगच पान उलटा.

नंतर तपासायचं ते असं: तुमचा हुकूम त्या रकान्यांतून निघाला, की लढाईचा शेवट माहीत होता म्हणून निघाला? पानिपतावर बहुतेक वाचक लिहितात, "गोलाची (चारी बाजूंनी बंदिस्त रचनेची) लढाई सोडा, गनिमी काव्याने निसटा." हे लिहिताना छावणीतले बुणगे, यात्रेकरू आणि बायका-मुलं कुठे ठेवायची याचा हुकूमही लिहायचा आहे, ही अट घाला. अडीच महिने समोरासमोर बसून अन्नान्नदशा झालेली छावणी, घोडी खंगलेली. हुकूम पूर्ण लिहायला बसलं की किती वेळ लागतो तो बघा.

पायरी ५ : सेनापतीच्या मनोगताची पारख

पहिलं वाचन संपलं की सेनापतीच्या मनात चाललेल्या उताऱ्यांकडे परत या. समासात पेन्सिलीने तीन खुणा करा: "नों" म्हणजे नोंदीवर आधारलेलं, "त" म्हणजे नोंदींवरून केलेला तर्क, "र" म्हणजे लेखकाची रचना. रचना हा दोष नाही. सेनापतीच्या छातीतली धडधड कुठल्याच दफ्तरात मिळत नाही, ती लिहायला कादंबरीकारच लागतो. पण खूण केलेली असली की चर्चेत तुम्ही "र" लिहिलेलं वाक्य पुरावा म्हणून वापरत नाही.

"र" ओळखायचे काही ठोकताळे:

एकट्याने केलेलं चिंतन आणि मरणाच्या क्षणाचे विचार बहुधा रचलेलेच असतात. भाऊंच्या अखेरच्या क्षणी त्यांच्या मनात काय होतं हे सांगणारं कुणी उरलं नाही. त्यांच्या मृत्यूबद्दलच इतका संशय राहिला की पुढे एक तोतया भाऊ म्हणून उभा राहिला आणि १७७६ पर्यंत त्याचं प्रकरण चाललं. ज्याच्या मृत्यूचीच खात्री लोकांना पटत नव्हती, त्याचा अखेरचा विचार शब्दशः कुठून मिळणार?

सेनापतीच्या तोंडी विसाव्या शतकातले शब्द आले की थांबा. "राष्ट्रीय अस्मिता", "परकीय सत्तेविरुद्धचा लढा" असे शब्द आले म्हणजे बोलणारा लेखक आहे. वतन, दौलत, अब्रू, शपथ, चौथाई, जात, घराण्याचं वैर, देवाचं काम, या शब्दांतून त्या काळचा माणूस विचार करी, आणि ते शब्द वापरणारा लेखक जास्त विश्वासाचा.

थरारक प्रसंगाचा उगम शोधा. जुव्याच्या लढाईवरच्या लिखाणात हमखास येणारा प्रसंग म्हणजे राजांनी खाडीत घोडा घातला, पाण्याला जोर होता, आणि खंडो बल्लाळ चिटणीसांनी त्यांना वाचवलं. ही हकिकत चिटणीस बखरीच्या परंपरेतून येते आणि ती बखर खंडो बल्लाळांच्याच घराण्यातल्या वंशजाने, प्रसंगानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली. म्हणून ती खोटी ठरत नाही. घराण्यात जपलेली आठवण खरीही असू शकते. पण समासात "त" येतं, "नों" येत नाही. कादंबरीकाराने हा प्रसंग राजांच्या नजरेतून रंगवला असेल तर "त" आणि "र" दोन्ही घाला.

तपासा: एका प्रकरणात सलग दहा पानं "नों" पडली तर परत बघा. इतकं नोंदीवर चालणारं प्रकरण क्वचितच असतं, तुमची पेन्सिल सवयीने फिरली असेल.

पायरी ६ : समोरच्या सेनापतीला पुरता वेळ द्या

अनेक कादंबऱ्या आळीपाळीने दोन्ही बाजूंचे तंबू दाखवतात. वाचक काय करतो, आपल्या बाजूचं प्रकरण चवीने वाचतो आणि शत्रूचं प्रकरण भराभर उलटतो. उपाय सोपा आहे. एका रविवारी फक्त समोरच्या सेनापतीची प्रकरणं क्रमाने काढून सलग वाचा. त्याच्यासाठीही तीच वही, तेच तीन रकाने. शत्रूचं पात्र पुठ्ठ्याचं असेल तर सलग वाचनात ते उघडं पडतं: तो फक्त संतापतो, कपट करतो आणि नायकाचं मनातल्या मनात कौतुक करतो. त्याला रसदीची काळजी नसते, वरिष्ठांची भीती नसते, झोप कमी झालेली नसते. अशा कादंबरीत नायकाचा विजयही हलका होतो, कारण त्याने कुणाला हरवलं हेच कळत नाही.

गोव्यात याला आणखी एक बाजू आहे. १६८३ च्या डिसेंबरात मराठी फौजा साष्टी आणि बारदेशात पसरल्या होत्या, तेव्हा विजरईने जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चमध्ये सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी जाऊन आपला राजदंड तिथे ठेवला आणि शहर त्याच्या हवाली केलं. आपल्या मंडळींत हा प्रसंग मोठ्याने वाचताना कधी हशा होतो. तो होऊ देऊ नका. सेनापती म्हणून त्या माणसाचे उपाय संपले होते. लोकांचा धीर टिकवायला त्याच्या हातात काय उरलं होतं, हे त्या कृतीतून कळतं. आपला सेनापती निघताना भवानीचा कौल घेतो ते आपण ज्या आदराने वाचतो, त्याच आदराने हेही वाचायचं. ऐकणाऱ्यांत ख्रिस्ती शेजारी असतील तर अधिकच, पण नसले तरीही.

१९६१ च्या गोवामुक्तीवरचं लिखाण हातात असेल तर ही पायरी दुप्पट वेळ घेऊन करा. दोडामार्गाकडून उतरलेल्या भारतीय सैन्याच्या ५० पॅरा ब्रिगेडवर मूळ योजनेत साहाय्यक काम होतं. ब्रिगेडियर सगतसिंग यांनी वेग साधला आणि ती ब्रिगेड सगळ्यांच्या आधी पणजीत पोचली. हा भाग सगळे आवडीने वाचतात. त्याच तासांत पलीकडे पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांच्यासमोर लिस्बनचा हुकूम होता: शरणागती नाही, सैनिक आणि खलाशी एकतर विजयी किंवा मृत. हुकूम देणारा हजारो मैलांवर, फौज अपुरी, पूल आपल्याच माणसांनी उडवलेले. त्यांनी १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. त्यासाठी त्यांना पुढे लष्करातून काढलं गेलं आणि १९७४ च्या पोर्तुगालमधल्या क्रांतीनंतर पुन्हा मान मिळाला. आज्ञा पाळणं आणि माणसं वाचवणं यांत अडकलेल्या सेनापतीचं हे पान कोरं सोडलं, तर ती लढाई तुम्ही अर्धीच वाचली.

पायरी ७ : पडताळणी, पण बेताने

सगळ्या पुस्तकाची पडताळणी करायला बसाल तर कंटाळून सोडाल. वहीतून तीनच गोष्टी निवडा: एक तारीख, एक जागा आणि एक प्रसंग.

*तारीख.* पोर्तुगीज कागद १५८२ पासून नव्या, म्हणजे ग्रेगोरियन पंचांगाने चालतात. इंग्रज वखारीची पत्रं १७५२ पर्यंत जुन्या पंचांगाने. सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचा फरक पडतो, अठराव्यात अकरा. वसईच्या शरणागतीची तारीख एका पुस्तकात १६ मे १७३९ आणि दुसऱ्यात ५ मे दिसली तर घाबरू नका, दिवस एकच आहे. कादंबरीकाराने मात्र दोन पंचांगांच्या तारखा एकाच प्रकरणात मिसळल्या असतील तर जासूद निघण्याआधीच पोचतो, आणि तुमच्या वहीतल्या खबरांच्या वेळा जुळेनाशा होतात. वेळा जुळत नाहीत असं दिसलं की पहिला संशय इथे घ्या.

तिथी मिळाली तर चंद्र बघा. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, पौष शुद्ध अष्टमी. म्हणजे सूर्यास्ताला अर्धा चंद्र डोक्यावर आणि तो मध्यरात्रीपर्यंत आकाशात. पराभवानंतर पळणाऱ्यांच्या मागे चांदण्यात पाठलाग झाला, ते यामुळेच शक्य झालं. कादंबरीत संध्याकाळ होताच काळाकुट्ट अंधार पडला असेल तर तो वातावरणासाठी घातलेला आहे. धुकं असेल तर गोष्ट वेगळी.

*जागा.* शक्य असेल तर जाऊन उभे राहा. जुवे बेट तिसवाडीतच आहे, एका सकाळचं काम. पंचांगात भरती-ओहोटीच्या वेळा बघून सुकतीला जा आणि भरती चढेपर्यंत थांबा. खाजनं (खाडीकाठची शेतं), बांध आणि मानशी (पाणी अडवणारी दारं) बघा. बांध फुटला किंवा मानस उघडी टाकली तर भरतीचं पाणी शेतात कसं पसरेल हे तिथे उभं राहिल्यावरच समजतं. कोटाच्या टेकडीवरून जुन्या गोव्याकडे नजर टाकली की विजरईला त्या रात्री झोप का लागली नसेल तेही समजतं. गेल्या साडेतीनशे वर्षांत खाडी गाळाने बदललेली आहे, म्हणून पाण्याची आजची खोली पुरावा म्हणून धरू नका. दिशा आणि अंतर तेवढं घ्या.

*प्रसंग.* पणजीच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जा आणि ग्रंथपालांना थेट विषय सांगा. मराठे आणि पोर्तुगीज यांच्यावर पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दफ्तरांतून केलेलं काम मराठीतही वाचायला मिळतं. गोव्यावरची कुठलीही युद्धकादंबरी त्याच्या शेजारी ठेवून बघावी. पानिपतासाठी दोन साक्षीदार वेगळे काढा: काशीराज अब्दालीच्या बाजूने असलेल्या अवधच्या नवाब शुजाउद्दौल्याच्या पदरी होता आणि त्याने जवळपास वीस वर्षांनी लिहिलं, नाना फडणीस तरुणपणी मराठ्यांच्या बाजूने तिथे हजर होते आणि जीव वाचवून परतले. साक्षीदार कुठे उभा होता आणि त्याने किती वर्षांनी लिहिलं, या दोन गोष्टी प्रत्येक नोंदीपुढे लिहा.

सावधान: मोबाईलवर फिरणारा मजकूर पडताळणीत घेऊ नका. त्यातला बराचसा कादंबऱ्यांतूनच उचललेला असतो, आणि मग कादंबरीची साक्ष कादंबरीच देते.

पायरी ८ : दुसरं वाचन, तंबूच्या बाहेरचं

हे झटपट होतं. सेनापतीच्या प्रकरणांतून ज्यांचा उल्लेख फक्त ओझं म्हणून येतो त्यांच्याखाली रेघ मारत चला: बैल हाकणारे, पाणके, बाजारबुणगे, नावाडी, ज्या गावातून फौज गेली ते गाव. सेनापतीने "गावातून दाणावैरण घेतली" असं एका वाक्यात म्हटलं असेल, तर त्या गावात काय घडलं असेल याची एक ओळ समासात लिहा. साष्टी-बारदेशातल्या वाचकांना ही ओळ सुचायला वेळ लागू नये, त्यांच्याच गावांची ती गोष्ट आहे.

पायरी ९ : चर्चेला बसताना

मंडळात चर्चा असेल तर प्रश्नांचा क्रम आधी ठरवून घ्या. पहिला प्रश्न "कादंबरी आवडली का" हा नको, त्यावर सगळे बोलून मोकळे होतात आणि पुढे काही उरत नाही. एक निर्णय निवडा, त्या घटकेचे तीन रकाने फळ्यावर मांडा आणि प्रत्येकाने वहीतला आपला हुकूम वाचून दाखवावा. मग लेखकाने सेनापतीला काय करायला लावलं ते वाचा. मग नोंदीत काय आहे ते. "बरोबर की चूक" हा प्रश्न सगळ्यांच्या शेवटी, आणि वेळ संपला तर तो राहिला तरी चालेल.

चर्चेत कुणी "राजांनी असा विचार केला" म्हटलं की त्याने पान आणि समासातली खूण सांगायची, हा नियम पहिल्याच बैठकीत करून टाका. "र" असेल तर वाक्य बदलून "लेखकाने राजांना असा विचार करायला लावला" असं म्हणायचं.

त्याच लढाईवरची दुसऱ्या लेखकाची कादंबरी घ्यायची असेल तर मधे महिनाभर जाऊ द्या, म्हणजे पहिल्या सेनापतीचा आवाज कानातून थोडा उतरतो. वही मात्र नवी करू नका. त्याच तारखेच्या पानावर वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने दुसऱ्या लेखकाचे रकाने भरा, आणि ज्या रकान्यात दोन रंग एकमेकांशी जुळत नाहीत तिथून पुढची पडताळणी सुरू करा.